टॉवरच्या सावलीत काय फुलेल?

प्रश्न : मुलुंड पश्चिमेला आमची चार मजली जुनी सोसायटी आहे. दक्षिणेला कंपाउंडलगत वीस मजली टॉवर झाला आणि बागेतलं ऊन गेलं. मोगऱ्याला कळी धरत नाही, जास्वंद नुसती उंच वाढते आहे. सावलीतही फुलतील आणि बारा महिने हिरवी राहतील अशी झुडपं कोणती?
– एक वाचक

उत्तर : अशी झुडपं आहेत आणि मुंबईच्या हवेत ती उत्तम येतात. मोगरा आणि जास्वंद मात्र तिथून हलवा, शक्य असेल तर गच्चीवर. दोन्ही उन्हाची झाडं. ऊन कमी पडलं की झाड फुलांचा खर्च टाळतं आणि उजेडाच्या शोधात उंच होत जातं. अशा वेळी बरेच जण युरिया घालतात. त्यानं पानंच वाढतात, फुलं येत नाहीत.

टॉवर दक्षिणेला आहे हे तुम्ही कळवलंत ते बरं झालं. २२ डिसेंबरच्या सुमारास मुंबईत भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. ६० मीटर उंच इमारतीची सावली तेव्हा उत्तरेकडे साधारण ५५ मीटर पडते, म्हणजे तुमचं बहुतेक आवार तिच्यात बुडतं. एप्रिल-मेमध्ये हीच सावली आखडते आणि मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तर मध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेलाच असतो. पण त्यातले दीड महिने ढगांत जातात. तेव्हा तुमच्या बागेचा उन्हाळा हाच उजेडाचा हंगाम, हे धरून झुडपं निवडायची.

सावली किती दाट आहे हेही पाहा. सकाळी अकराच्या सुमारास जमिनीपासून हातभर उंचीवर पंजा उघडून धरा. बोटांच्या सावल्या सुट्या दिसल्या तर तिथे बरंच काही फुलेल. नुसता पुसट डाग दिसला तर खाली दिलेली झुडपं लावा. काहीच दिसलं नाही, तर तिथे फुलांचा आग्रह नको, शोभेच्या पानांवर समाधान मानावं.

माझी पहिली पसंती कुंतीला, जिला नर्सरीत कामिनी म्हणतात. तुमच्या मागच्याच डोंगरात, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात, ती मोठ्या झाडांखाली आपणहून वाढते. झाडांच्या सावलीत राहणं तिला उपजतच जमतं. कढीपत्त्याच्या कुळातली असल्यामुळे पानं तशीच, पण जास्त तुकतुकीत. पावसाच्या सरी झाल्या की पांढऱ्या फुलांचा बहर एकदम येतो आणि संध्याकाळी वास जिन्यापर्यंत पोचतो. बहर ओसरल्यावर हलकी छाटणी करा. कुंपणासारखी सतत कातरत राहिलात तर कळ्याच कापल्या जातात. सोसायट्यांत ती हिरवीगार असूनही फुलत नाही, याचं कारण बहुतेक वेळा माळ्याची कात्रीच असते.

दुसरी अबोली. हिला दुपारचं कडक ऊन नकोच असतं, गाळीव उजेडात ती महिनोन्महिने फुलते. वाळलेल्या कणसावर पाणी पडलं की बोंडं तडकतात आणि बी दूर उडतं. पावसानंतर आजूबाजूला उगवलेली रोपं उचलून हवी तिथे लावा. फक्त मुळाशी पाणी साचू देऊ नका.

तगर सगळ्यांत सोशीक, दुहेरी फुलांची घेतलीत तर पूजेलाही होते. मिरची जास्वंद अर्ध्या सावलीत लाल फुलं देते आणि शिंजीर तिच्यावर येतात. कोरांटी भिंतीकडेला चालेल, ती पावसाळा संपता संपता फुलू लागते. नर्सरीवाला कॅमेलिया किंवा अझेलिया दाखवेल, पण ती थंड हवेची झाडं, मुलुंडच्या उकाड्यात टिकत नाहीत. कारवीचा मोहही टाळा. ती आठ वर्षांनी एकदा फुलते. उद्यानात २०१६ नंतर थेट २०२४ मध्ये फुलली, आणि ती सदाहरितही नाही.

आता मातीबद्दल, कारण उपनगरांतल्या बागा मरतात त्या सावलीपेक्षा मातीमुळे जास्त. बांधकाम झालं की कंपाउंडच्या कडेला रॅबिट पुरलेलं असतं आणि वर चार बोटं लाल माती. त्या रॅबिटमधला चुना आणि सिमेंट मातीला अल्कधर्मी करतात. मग झाडाला लोह घेता येत नाही, नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अनंत आणि एक्झोरा यांना हा त्रास सर्वांत आधी होतो. दोन्ही अर्ध्या सावलीत चालणारी सुंदर झुडपं, पण ती मोठ्या कुंडीतच लावा. बाकीच्यांसाठी दीड फूट खोल-रुंद खड्डा घ्या, निघालेलं रॅबिट बाहेर टाका आणि माती, कुजलेलं शेणखत व थोडी जाड रेती मिसळून भरा. उपनगरांत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पेव्हर ब्लॉकवरचं पाणी नेमकं या वाफ्यांत उतरतं. म्हणून वाफा आजूबाजूच्या फरशीपेक्षा वीतभर उंच ठेवा. सावलीतली माती हळू वाळते, त्यामुळे एरवी रोज पाणी घालायची गरज नाही. बोट खुपसून बघा, कोरडं लागलं तरच घाला.

आवारात रेन ट्री वगैरे असेल तर त्याच्या फांद्या विरळ केल्यानंही उजेड वाढतो. पण १९७५च्या वृक्ष कायद्यामुळे त्यासाठी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते. माणसं परस्पर चढवू नका.

लागवड जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात करा, पाऊस स्थिरावल्यावर. आणि सोसायटीनं एकाच झाडापुरते पैसे मंजूर केले, तर कुंती घ्या.