आधी नंबर, मग नक्कल

पुणे, जूनअखेर

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

वाड्याच्या पुनर्विकासासाठी बिल्डरच्या वकिलांनी तुझ्या आजोबांच्या वाटपाच्या दाव्याचा निकाल मागितलाय आणि उद्याच शिवाजीनगर कोर्टात जाऊन तू तो घेऊन येणार आहेस, असं परवा फोनवर म्हणालीस. दाव्याचा नंबर विचारला, तर ‘तो तिथंच कळेल ना, मामा?’ नाही कळत गं. वकिलांचा कारकून म्हणून माझा जन्म त्या आवारात गेला, म्हणून हक्कानं सांगतो: उद्या जाऊ नकोस.

दिवाणी दावा दाखल झाला की कोर्टाच्या नोंदवहीत चढतो आणि त्याला त्या सालातला क्रमांक मिळतो. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतच तसं सांगितलंय. पुढं त्या दाव्याचं जे काही होतं ते त्या क्रमांकावर. रेकॉर्ड रूममधले गठ्ठे माणसांच्या नावांनी लागत नाहीत. कोणतं कोर्ट, कोणत्या प्रकारचा दावा, कितवा नंबर आणि कोणतं साल, अशा हिशेबानं लागतात. ‘सदाशिव पेठेतला वाडा, साठ-सत्तरच्या दरम्यानची केस’ एवढ्यावर तिथल्या माणसानं शोधायचं तरी काय? प्रकारही नीट कळला पाहिजे. जुन्या कागदावर ‘रे.मु.नं.’ असेल तर तो रेग्युलर दावा, ‘स्पे.मु.नं.’ असेल तर स्पेशल, म्हणजे मोठ्या रकमेचा, वरिष्ठ स्तर न्यायाधीशांपुढचा. एकाच सालात एकाच नंबरचे दोन्ही प्रकारचे दावे असतात. नंबर बरोबर आणि प्रकार चुकीचा लिहिला, तर दुसऱ्याच कुणाच्या भांडणाची नक्कल हातात पडते. शिवाय वाड्यातल्या भाडेकरूंवरचे दावे लघुवाद न्यायालयातले, त्यांचं दफ्तर निराळं. बिल्डरला तेही लागतील, पण आत्ता ते मध्ये आणू नकोस.

तू ई-कोर्ट्सच्या ॲपवर आजोबांचं नाव टाकून पाहिलंस आणि काही आलं नाही, याचं मला नवल नाही. हल्लीच्या प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो, पुण्याचा ‘एमएचपीयू’नं सुरू होतो, आणि तो असला की तारीख, रोजनामा, निकाल सगळं घरबसल्या दिसतं. पण ई-कोर्ट्स प्रकल्पच सुरू झाला २००७ साली. त्याच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्रानं २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले, त्यात जुनं दफ्तर स्कॅन करण्याचंही काम आहे. ते तुझ्या आजोबांच्या गठ्ठ्यापर्यंत पोचेल तेव्हा पोचेल. बिल्डर थांबेल असं वाटत नाही.

तेव्हा नंबर कोर्टाबाहेर शोधायचा. घरात काही सापडणार नाही हे मला ठाऊक आहे. तुमचे कागद १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पाण्यात गेले, आणि त्यानंतरचे कुणी जपून ठेवले नाहीत. पहिलं ठिकाण सिटी सर्व्हे ऑफिस. वाड्याचं मालमत्ता पत्रक काढ. आजोबांचं नाव जिथं स्वतंत्र लागलंय, त्या नोंदीला काहीतरी आधार असणारच, आणि तो कोर्टाचा असेल तर बहुधा दाव्याचा नंबर तिथंच लिहिलेला असतो. नुसता आजचा उतारा घेऊन येऊ नकोस, त्या फेरफार नोंदीची नक्कल माग. सासवडकडच्या शेतीचं वाटप त्याच दाव्यात झालं असेल तर आणखी सोपं. गावच्या फेरफारात ‘दिवाणी कोर्टाच्या अमुक नंबरच्या हुकूमनाम्यावरून’ अशी सरळ नोंद सापडते, आणि बऱ्याच तालुक्यांचे जुने फेरफार ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर स्कॅन होऊन आलेत. तिथं शोधताना आजोबांच्या नावाचा हट्ट धरू नकोस. त्या सालात ते लहान असतील तर नोंद ‘अ.पा.क. आई’ अशी, म्हणजे अज्ञान पालनकर्ती म्हणून पणजीच्या नावानं असेल. तिसरी जागा दुय्यम निबंधकाची सूची क्रमांक दोन. मिळकतीवर दावा चालू असल्याची नोटीस तिथं नोंदवायची आपल्याकडे पद्धत आहे. वकील खबरदार असेल तर त्यानं ती केलेली असते.

आणि चौथी जागा, जिथं तुमच्यापैकी कुणीच जाणार नाही: तुझ्या चुलतआजोबांचं घर. हुकूमनामा वादीला मिळतो तसा प्रतिवादीलाही मिळतो. ज्याच्याविरुद्ध निकाल गेला त्याच्या घरी तो जास्त जपून ठेवलेला असतो, हा माझा अनुभव. दोन्ही घरांचं येणं-जाणं बंद आहे हे मला माहीत आहे, तुझ्या आईच्या लग्नात मी ते पाहिलंय. पण पुनर्विकासाच्या करारावर शेवटी त्यांच्याही सह्या लागणार आहेत. बिल्डरच्या माणसानं त्यांच्या दारात जाण्याआधी तू गेलेली बरी. मी तुझ्या वडिलांच्या घरातला नाही, म्हणून हे मोकळेपणानं लिहू शकतो. जाताना फाइल नेऊ नकोस.

आता नेमकं काय मागायचं ते. ‘निकाल’ असं म्हटलंस तर तुला निकालपत्र देतील. त्यात न्यायाधीशांनी कुणाचं का मानलं ते असतं. हक्क ठरतो तो हुकूमनाम्यानं. वाटपाच्या दाव्यात हुकूमनामे दोन असतात. प्राथमिक हुकूमनामा सांगतो, कुणाचा किती हिस्सा. मग कोर्ट कमिशनर जागेवर येऊन मोजतो, नकाशा काढतो, कुठली खोली, कुठला जिना, विहिरीकडची बाजू कुणाची ते सुचवतो. त्याच्या अहवालावरच्या हरकती ऐकून कोर्ट अंतिम हुकूमनामा करतं. बिल्डरच्या वकिलाला हवाय तो हा अंतिम, नकाशासकट. नकाशाचा उल्लेख अर्जात स्वतंत्र कर. नुसता ‘हुकूमनामा’ लिहिलास तर नकाशाशिवायची नक्कल येते आणि सगळा खेळ पुन्हा मांडावा लागतो.

मला खरी भीती वेगळीच आहे. अंतिम हुकूमनामा झालाच नसेल तर? पुण्यातल्या कितीतरी वाड्यांत भावांनी प्राथमिक हुकूमनामा मिळवला, आपापल्या खोल्यांत राहू लागले आणि पुढची पायरी कुणी चढलंच नाही. किंवा अंतिम आदेश झाला, पण वाटपाचा हुकूमनामा मुद्रांकावर उतरवावा लागतो तो पैसा कुणी भरला नाही. शंकर बळवंत लोखंडे यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली सांगून ठेवलंय की मुद्रांकावर उतरल्याशिवाय अंमलबजावणी करण्याजोगा हुकूमनामा अस्तित्वातच येत नाही. तसं निघालं तर घाबरून जाऊ नकोस. अंतिम हुकूमनाम्यासाठीच्या अर्जाला मुदतीचं बंधन नाही, हेही त्याच न्यायालयानं २००९ मध्ये शुभकरण बुबना प्रकरणात म्हटलंय. अंमलबजावणीची दरखास्त मात्र बारा वर्षांच्या आत लागते. या दोन गोष्टींची गल्लत वकीलसुद्धा करतात. अशा वेळी स्वतः डोकं चालवू नकोस, दिवाणी बाजू जाणणाऱ्या वकिलाकडे जा. शेतीचं तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे प्रत्यक्ष वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं, म्हणजे ते कागद कोर्टात न मिळता तहसिलीत मिळतील.

नंबर हाती आला की शिवाजीनगर. मेट्रोनं ये, स्थानकाचं नावच जिल्हा न्यायालय आहे. नक्कल विभागाच्या अर्जात कोर्ट, प्रकार, नंबर-साल, वादी-प्रतिवादींची नावं, निकालाची तारीख आणि हवे ते कागद लिहायचे. तू स्वतः पक्षकार नाहीस, पक्षकाराची नात आहेस. म्हणून अर्ज बाबांच्या नावानं कर. आजोबांचा मृत्यूचा दाखला आणि बाबा त्यांचे वारस असल्याचा पुरावा जोड. अगदी त्रयस्थालाही नक्कल मिळू शकते, पण त्याला कारण सांगून परवानगी घ्यावी लागते, आणि दुसऱ्यानं हजर केलेले खासगी दस्त त्याला सहजी मिळत नाहीत. अमेरिकेतला तुझा भाऊ म्हणतो तसं तिकडं कुणीही उठून काउंटीच्या क्लार्ककडे प्रत मागतो. इथं आपण कोण, हे आधी सांगायचं. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून बघू, असं कुणी सुचवेल. कोर्टाच्या स्वतःच्या नियमांत नक्कल मिळण्याची सोय असताना ती वाट चालत नाही. गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा तसा निवाडा झालाय.

नक्कल सही-शिक्क्याचीच घे. ज्यांना पाहायचा अधिकार आहे अशा माणसाला सार्वजनिक दस्ताची प्रमाणित प्रत मिळाली पाहिजे, हे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ७६ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष अधिनियम आला, त्यात ते कलम ७५ झालंय. फाइल पाहायला मिळाली आणि मोबाइलनं फोटो काढला, तर तो कुठंही चालत नाही, आणि काढूही नये. नकलेच्या शेवटी तीन तारखा असतात: अर्ज केव्हा केला, नक्कल तयार केव्हा झाली, दिली केव्हा. लोक त्यांच्याकडे ढुंकून बघत नाहीत. ताज्या निकालावर अपील करायचं असेल तर नकलेत गेलेले दिवस मुदतीतून वजा होतात, आणि तो हिशेब या तारखांवरूनच होतो. तुझ्या कामी आत्ता त्या उपयोगाच्या नाहीत, पण आकडे तपासायची सवय लाव. पानांचे क्रमांक, पक्षकारांची नावं, शेवटची ओळ तुटली नाही ना, हे खिडकीपाशीच उभं राहून बघ.

फाटकाबाहेर ‘दोन दिवसांत काढून देतो’ म्हणणारे भेटतील. अर्जाची पावती त्यांच्या हातात देऊ नकोस. ठरलेली कोर्ट फी आणि नकलेचा खर्च, यापलीकडे द्यायचं काही नसतं, आणि जे दिलं त्याची पावती मिळते. रेकॉर्ड रूममधल्या माणसाला मात्र नीट नाव घेऊन नमस्कार कर. धुळीत हात घालून तो तुझ्या आजोबांचा गठ्ठा शोधणार आहे. लगेच नाही सापडला तर त्याच्यावर ओरडायचं नाही. शोध कुठवर झाला ते विचारायचं आणि पुढची तारीख घ्यायची.

‘रेकॉर्ड नाही’ असं उत्तर आलं, तर ते लेखी माग. त्या शब्दांचे अर्थ दोन असू शकतात. खालच्या निकालावर अपील झालं असेल तर मूळ दफ्तर वर मागवलेलं असतं. तेव्हा त्या अपील कोर्टात, ते मुंबईचं उच्च न्यायालय असेल तर तिथं, चौकशी करायची. किंवा कागद मुदत संपून नष्ट झालेले असतात. प्रत्येक प्रकारच्या कागदाला ठरलेलं आयुष्य असतं. समन्स, किरकोळ अर्ज लवकर जातात, निकालपत्र आणि हुकूमनामा सगळ्यांत जास्त टिकतात. म्हणून पूर्ण फाइल मिळाली नाही, तरी हुकूमनाम्याचा शोध सोडायचा नाही.

गठ्ठा सापडला तर आणखी एक काम कर. निशाण्यांची, म्हणजे दाव्यात दाखल झालेल्या कागदांची, यादी आधी वाच. पक्षकारानं मूळ दस्त दाखल केला असेल तर दावा संपून अपिलाची मुदत गेल्यावर तो परत मागता येतो, आणि मागायला कुणी येत नाही. पणजोबांचं मूळ खरेदीखत कदाचित तिथंच पडलं असेल. मोडीत असलं तर वाचणारा मी शोधून देईन.

आणि हुकूमनामा मिळाल्यावर तो आधी तू वाच, मग बाबांना दे. तुमच्या घरात इतकी वर्षं सांगितली जाणारी हकिगत, मोठ्या भावानं धाकट्याला फसवल्याची, मीही ऐकलीय. कैफियत आणि निकालपत्र वाचल्यावर ती तशीच राहील याची मला खात्री नाही. कितीतरी दावे शेवटी तडजोडीनं मिटतात, दोघांच्याही सह्या असतात, आणि पुढच्या पिढीला फक्त भांडण सांगितलं जातं.

सिटी सर्व्हेत सोमवारी जा. फेरफाराची नक्कल मिळाली की तिचा फोटो मला पाठव. जुन्या कारकुनांचं अक्षर तुला लागायचं नाही, मला लागतं. आईला सांग, गुडघ्याचं तेल संपलंय, येताना घेऊन ये.

तुझा
मामा