रिकामा रकाना आणि शून्य

दोन गोष्टी एकमेकींबरोबर कितपत वाढतात वा घटतात, हे सहसंबंध गुणांक दर्शवितो. त्याचे मूल्य उणे १ ते अधिक १ या मर्यादेत असते. एकच माहिती दोन संगणकीय आज्ञावल्यांना दिली असता कधीकधी भिन्न गुणांक येतात. याचे कारण बहुधा नोंदी हाताळण्याच्या रीतीत असते.

समजा, हुबळीच्या केशवापूर भागातील एका शाळेने पाच शेतांची माहिती जमविली. पाऊस अनुक्रमे १०, २०, ३०, ४० व ५० सेंटिमीटर. पहिल्या चार शेतांत कापूस एकरी २, ४, ६ व ८ क्विंटल. पाचव्या शेतातील कापसाचे वजन करावयाचे राहून गेले. तो रकाना वगळल्यास गुणांक १ येतो. तेथे शून्य धरल्यास गुणांकच शून्य होतो! पाऊस व पीक यांचा जणू काही संबंधच नाही.

'एक्सेल' रिकामा रकाना वगळते, शून्य मात्र हिशेबात घेते. 'आर' ही आज्ञावली, वेगळी सूचना न दिल्यास, अशा वेळी गुणांकच देत नाही. अनेक बाबींचा एकत्र अभ्यास करताना काही आज्ञावल्या अपुरी नोंद संपूर्ण वगळतात, तर काही केवळ त्या जोडीपुरती. शिवाय पिअर्सन यांची रीत प्रत्यक्ष आकड्यांवर, तर स्पिअरमन यांची १९०४ मधील रीत त्यांच्या चढत्या-उतरत्या क्रमावर आधारलेली आहे.

म्हणून अहवालात गुणांकासोबत वापरलेली रीत, विचारात घेतलेल्या नोंदींची संख्या आणि अपुऱ्या नोंदींचे काय केले, हे अवश्य नमूद करावे. मोजणी झाली नसल्यास शून्य न लिहिता 'नोंद नाही' असे लिहावे. पीक बुडणे आणि पीक न मोजणे यांतील भेद पुसला गेल्यास त्यावर आधारलेले निर्णयही चुकतात.