चमेलीचे तेल : सुवास आणि सावधगिरी

मागील महिन्यात एक आजीबाई दोन महिन्यांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. बाळाच्या डोक्यावर व मानेवर लालसर पुरळ उठले होते. मालिशला कोणते तेल वापरता, असे विचारताच त्यांनी पिशवीतून एक छोटी बाटली काढली. चमेलीचा अर्क होता तो! "डॉक्टर, चमेली थंड असते म्हणून चार थेंब टाळूवर जिरवले," त्या म्हणाल्या.

चूक त्यांची एकटीची नाही. 'चमेलीचे तेल' या एकाच नावाने दोन निराळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिले केसांचे तेल. पूर्वी तीळ आणि ताजी फुले यांचे थर रचत. तिळात सुवास मुरला की ते घाण्यातून काढत. हे तेल सौम्य असते. आजच्या स्वस्त बाटलीत मात्र बहुधा खनिज तेल व कृत्रिम सुगंध असतो. वेष्टन वाचूनच घ्यावे.

दुसरा अर्क. चमेलीचा सुवास इतका नाजूक, की वाफेच्या उष्णतेने तो बिघडतो. म्हणून तो द्रावकाने काढून पुढे अल्कोहोलने शुद्ध करतात. एक हजार किलो फुलांपासून जेमतेम एक-दीड किलो अर्क मिळतो. म्हणूनच तो महाग असतो आणि त्यात भेसळही होते.

याचा उपयोग काय? सुवासाने मन प्रसन्न होते, हे खरे. मात्र त्याने आजार बरा होत नाही. आयुर्वेदात जखमेसाठी प्रसिद्ध असलेल्या जात्यादि तेलात 'जाती'ची, म्हणजे चमेलीची पाने असतात. फुलांचा अर्क नव्हे. तेव्हा अर्क जखमेवर लावू नये.

वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे :

१. अर्क कधीही नुसता लावू नये. दोन चहाचे चमचे खोबरेल किंवा तीळ तेलात एकच थेंब पुरे.

२. हे मिश्रण आधी कोपराच्या आतील बाजूस लावून चोवीस तास पाहावे. खाज किंवा लाली आल्यास वापरू नये.

३. अर्क पोटात घेऊ नये. डोळ्यांत व कानांत घालू नये.

४. तान्ह्या बाळांना लावू नये. गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. दमेकऱ्यांना उग्र वासानेही धाप लागू शकते.

बाळंतिणींसाठी आणखी एक गोष्ट. मोगरा हा चमेलीचाच भाऊबंद. त्याची फुले स्तनांवर बांधली की दूध आटते, अशी दक्षिणेत जुनी समजूत आहे. वेल्लोर येथील बाळंतिणींवर झालेल्या व १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खरोखरच दूध कमी झाल्याचे आढळले. केसांत गजरा जरूर माळावा. पण बाळ अंगावर पीत असेल तर फुले छातीशी बांधू नयेत.

त्या बाळाचे तेल मी बंद केले. चार दिवसांत पुरळ मावळले. आजी आता साधे खोबरेल तेल वापरतात, आणि गजरा स्वतःच्या अंबाड्यात माळतात!