आधी बॅकअप, मग अँटिव्हायरस

संगणकात व्हायरस शिरला की बहुतेक जण तो काढणारं सॉफ्टवेअर शोधायला लागतात. माझं मत स्पष्ट आहे. एकदा बाधा झालेला संगणक साफ करत बसू नये. हार्डडिस्क पुसून विंडोज नव्यानं टाकावं, म्हणजे सरळ फॉरमॅट मारावा. हे बेधडक करता यावं म्हणून आपल्या फायलींची एक प्रत संगणकाला न जोडलेल्या डिस्कवर कायम असावी. बाकीचे सगळे उपाय त्यानंतर.

हे कुणाला टोकाचं वाटेल, म्हणून 2017 सालचं उदाहरण देतो. 27 जूनला नॉटपेट्या नावाचा हल्ला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचं जगभरचं कामकाज ठप्प झालं. न्हावा शेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं त्यांच्या समूहाचं टर्मिनलही त्यात अडकलं. कुलूप लावलेल्या फायली सोडवायला पडद्यावर 300 डॉलरच्या बिटकॉइनची मागणी होती, पण तो देखावा होता. पैसे भरूनही फायली परत मिळण्याची सोयच त्यात ठेवलेली नव्हती. तज्ज्ञ आणि पैसा दोन्ही हाताशी असलेल्या या कंपनीनं मग काय केलं? दहा दिवसांत 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्यानं उभे केले. कंपनीतली सगळी खाती सांभाळणारे सर्व्हर एकमेकांच्या प्रती राखत होते, म्हणून तेही एकदमच गेले. घानामधला एक तेवढा वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली असल्यानं तो नेटवर्कवर नव्हता. त्या एका सर्व्हरवरून पुढची उभारणी झाली. कायम जोडून ठेवलेली प्रत ऐन वेळी कामाला येईलच असं नाही, हे यातून पुरतं दिसतं.

घरच्या संगणकांना सतावणारा खंडणीखोर व्हायरसचा एक मोठा प्रकार म्हणजे स्टॉप-डीजेव्हीयू. हा येतो विकतचं सॉफ्टवेअर फुकटात चालवणाऱ्या क्रॅकमधून. त्याचं वागणं नीट पाहण्यासारखं आहे. फायलींना कुलूप लावत असताना तो पडद्यावर विंडोज अपडेट चालू असल्याची खोटी खिडकी दाखवतो, म्हणजे आपण शांतपणे वाट बघत बसतो. मग फोटो, रिपोर्ट, मुलांचे प्रोजेक्ट, सगळ्यांच्या नावापुढे चार अक्षरांचं एक अनोळखी शेपूट दिसतं आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी सापडते: 980 डॉलर द्या, 72 तासांत संपर्क केलात तर निम्मे. 'पैसे भरून घेतलेला अँटिव्हायरस आहे की!' असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की क्रॅकसोबतच्या सूचनांमध्ये 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असं बऱ्याचदा लिहिलेलंच असतं, आणि लोक तो बंद करतात. पहारेकऱ्याला आपणच सुट्टी दिल्यावर तो कितीही पगाराचा असला तरी काय उपयोग! विंडोजमध्ये आधीपासून असलेला डिफेंडर चालू ठेवला तरी घरासाठी पुरतो.

यावर 'स्कॅन केलं, सापडला, काढला, आता फॉरमॅट कशाला?' असा आक्षेप येतो. स्कॅनरला ओळखीचं तेवढंच सापडतं. स्टॉप-डीजेव्हीयूबरोबर पासवर्ड चोरणारा दुसरा प्रोग्रॅमही अनेकदा येतो. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिन टिकवून ठेवणाऱ्या कुकी तो केव्हाच पाठवून मोकळा झालेला असतो. नंतर त्याला काढल्यानं ते सगळं परत येत नाही. म्हणून पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून. सुरुवात ईमेलपासून, मग बँक, आणि प्रत्येक खात्यात 'सर्व उपकरणांवरून लॉग आउट' हेही करायचं. पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा, तासाभराचाही उशीर नको.

खर्चाचा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो, कारण क्रॅकचं मूळच तिथे आहे. पण विंडोजसकट विकत घेतलेल्या लॅपटॉपवर तेच विंडोज पुन्हा टाकायला बहुधा नवे पैसे पडत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ते फुकट उतरवता येतं, फक्त पेनड्राइव्ह दुसऱ्या निरोगी संगणकावर तयार करावा. लिहिण्याच्या आणि हिशेबाच्या कामासाठी लिब्रेऑफिस मोफत आहे. बॅकअपऐवजी क्लाउडवर सगळं आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की सिंक चालू असेल तर बिघडलेली फाइलही वर जाते. जुनी आवृत्ती परत मिळू शकते, पण ती ठरावीक काळच ठेवली जाते. अपडेटचा कंटाळा मात्र मला अजिबात पटत नाही. मे 2017 मधला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस विंडोजच्या ज्या भोकातून शिरला, ते बुजवणारा अपडेट 14 मार्चलाच आलेला होता. विंडोज 10 चे नेहमीचे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले, हेही जुना संगणक वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

फायलींना कुलूप लागलंच तर आधी इंटरनेट तोडा. संगणक फॉरमॅट होईपर्यंत बॅकअपची डिस्क त्याला लावू नका. कुलूप लागलेल्या फायली मात्र वेगळ्या डिस्कवर जपून ठेवा. 'नो मोअर रॅन्सम' या साइटवर पोलीस आणि सुरक्षा कंपन्या मिळून मोफत किल्ल्या देतात, आणि स्टॉप-डीजेव्हीयूच्या बऱ्याच जुन्या प्रकारांवर 2019 मध्ये अशी सोय निघाली होती. बॅकअपमधून परत घेताना फोटो आणि कागदपत्रंच घ्यावीत, जुने सेटअप नकोत. आणि बॅकअप घेतला की डिस्क काढण्यापूर्वी त्यातल्या दोन-चार फायली उघडून पाहाव्यात, शक्य असेल तर दुसऱ्या संगणकावर.