कडा, माची आणि तांबडा पट्टा: सह्याद्रीचा दगड वाचत चढताना

सह्याद्री ज्वालामुखीतून झाला म्हटलं की कोणीतरी हमखास विचारतं, ‘मग त्याचं तोंड कुठंय?’ ते शोधू नका. लोणारकडे बोट दाखवणारे भेटतात, पण ते विवर उल्केनं पाडलेलं. आपल्याकडे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा थरावर थर पसरत गेला. एका उद्रेकात १००० घन किलोमीटरहून जास्त माल बाहेर टाकणाऱ्याला सुपरव्होल्कॅनो म्हणतात. दख्खनच्या लाव्ह्याचा एकूण हिशेब काही लाख घन किलोमीटरांत जातो. मात्र अमेरिकेतल्या यलोस्टोनसारखा तो दणक्यात फुटला नाही, वाहत राहिला. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर तोच काळा दगड आहे.

भटक्याच्या कामाची गोष्ट एकच. बहुतेक थरांचं पोट टणक असतं आणि माथा वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ झालेला. पोटाचा कडा होतो. माथा झिजून तिथे उतार, माची, झाडी येते. पायथ्याच्या गावातून डोंगराकडे बघा, काळे-हिरवे पट्टे मोजता येतील. काळ्या पट्ट्यात हात लावून चढायची तयारी ठेवायची, हिरव्यात आडवं चालायचं. वाट चुकल्यासारखी वाटली तर कड्याला भिडू नका, मागे फिरा. कड्यातली खाच गाठायला जुनी वाट बहुधा झाडीतूनच आडवी गेलेली असते.

दोन थरांच्या मध्ये कधीकधी हात-दोन हात जाडीचा तांबडा पट्टा दिसतो. खालच्या थराचा कुजलेला माथा वरच्या तापलेल्या लाव्ह्याखाली विटेसारखा भाजला गेला, तो हा. याला दोन्ही बाजूंनी ओळखून असावं. चिकणमातीमुळे कातळाच्या फटींतून झिरपलेलं पाणी इथे अडतं आणि झरा फुटतो, म्हणून उन्हाळ्यात पाणी शोधताना नजर या पातळीवर ठेवा. पण माती भिजली की वरचा कातळ निराधार होतो. पावसाळ्यात अशा पट्ट्याखाली जेवायला बसणं म्हणजे दरडीला आमंत्रण.

हे सगळं एका दिवसात बघायचं तर नाणेघाट. कल्याणहून माळशेजमार्गे जुन्नरकडे जाणाऱ्या एसटीनं वैशाखऱ्याच्या पुढे उतरायचं आणि रमतगमत तीन तासांत माथा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसात गर्दी आणि शेवाळ दोन्ही जास्त. सातवाहनांच्या लेण्यात सगळे राणी नागनिकेच्या शिलालेखाचे फोटो काढतात. काढावेतच, पण नंतर वाटेवरच्या दगडांकडेही वाकून बघा. बारीक पोकळ्यांत पांढरे दाणे बसलेले दिसतील. लाव्हा थंडावल्यावर झिरपत्या पाण्यानं भरलेली ही खनिजं, बऱ्याचदा झिओलाइट. मोठे स्फटिक बघायचे तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय आहे. घाटात दगड फोडू नका.

वेळ असेल तर शेजारी जीवधन किल्ला. इंग्रजांनी सुरुंगानं पायऱ्या उडवल्या आहेत, त्यामुळे नवख्यांनी जाणकार आणि दोर सोबत घेतल्याशिवाय वर जाऊ नये. वरून वानरलिंगी सुळका समोर येतो. त्याचे थर कड्यातल्या थरांशी ताडून बघा. दोघं एकाच भिंतीचे तुकडे आहेत हे सांगावं लागत नाही.

आडव्या थरांना छेदत जाणारी उभी भिंत दिसली तर ती डाइक, म्हणजे भेगेतच गोठलेला लाव्हा. ती आजूबाजूच्या दगडापेक्षा टणक निघाली तर भिंत उरते, ठिसूळ निघाली तर झिजून घळ होते. सह्याद्रीतल्या बऱ्याच सरळसोट नाळा अशाच डाइकवर नाहीतर कातळाच्या जुन्या भेगांवर पडल्या आहेत. नाळेत दगड सुटे असतात, म्हणून दोघांनी एकामागोमाग एकाच रेषेत चढू नये, आणि पायाखालून दगड सुटलाच तर आधी ओरडावं.