रोजची किर्द : व्यसनमुक्तीतील आत्मपरीक्षण आणि प्रामाणिकपणा

व्यसन सोडणे आणि सोडलेले टिकवणे ही दोन वेगवेगळी कामे आहेत. पहिले काम डॉक्टरांच्या मदतीने काही दिवसांत होते. दारू रोज आणि भरपूर पिणाऱ्याने ती एकदम, घरच्या घरी बंद करू नये. हातापायांना कंप सुटतो, झटके येतात, भ्रम होतो आणि कधीकधी जिवावरही बेतते. म्हणून हे काम वैद्यकीय देखरेखीखालीच व्हावे. एवढे सांगून मी तो विषय इथेच सोडतो.

आजचा पाठ दुसऱ्या कामाचा आहे. केंद्रातून बाहेर पडलेला माणूस घरी येतो, तोंडावर तेज आलेले असते, घरचे खूश असतात. आणि चार-सहा महिन्यांनी एके दिवशी तो पुन्हा पिऊन येतो. लोक म्हणतात, "अचानक काय झालं याला?" अचानक काही होत नाही. ग्लास हातात येण्याच्या कितीतरी आधी घसरण सुरू झालेली असते, आणि बहुतेक वेळा तिची पहिली पायरी दारूची नसते, एखाद्या लहानशा खोट्याची असते.

व्यसन खोट्यावर चालते, हे आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे. बाटली पाण्याच्या टाकीमागे, दुचाकीच्या डिकीत किंवा कपाटातल्या जुन्या पँटच्या खिशात. वास येऊ नये म्हणून बडीशेप. मुलाच्या फीचे पैसे "मित्राला उसने दिले". पण ही झाली दुसऱ्यांना मारलेली थाप. त्याहून पक्की थाप माणूस स्वतःला मारतो, आणि तिथे त्याचा आवडता शब्द असतो 'फक्त'. मी फक्त बिअर पितो. फक्त शनिवारी. फक्त एक क्वार्टर. गुटखा खाणारा म्हणतो, मी फक्त जेवणानंतर खातो. जेवण मात्र दिवसातून आठ वेळा होते!

आता नीट लक्ष द्या. दारू बंद झाली म्हणून ही सवय बंद होत नाही. दहा-पंधरा वर्षे रोज सराव करून कमावलेले ते कसब आहे. कारण शोधणे, वेळ चोरणे, पैशाचा हिशेब फिरवणे, समोरच्याचा चेहरा वाचून उत्तर देणे, हे सगळे शाबूत राहते. बाटली गेली तरी बाटली लपवणारा हात तसाच असतो. म्हणून व्यसनमुक्तीत रोज स्वतःकडे पाहण्याला इतके महत्त्व आहे.

थोडा इतिहास पाहू. 1935 साली अमेरिकेतील ओहायो राज्यात, ॲक्रन या गावी दोन दारुडे भेटले. एक न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात काम केलेला बिल विल्सन आणि दुसरे शल्यविशारद डॉ. बॉब स्मिथ. एक पिणारा दुसऱ्या पिणाऱ्याशी खरे बोलला तर दोघेही न पिता राहू शकतात, या अनुभवातून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही संघटना उभी राहिली. 1939 साली त्यांचे पुस्तक आले आणि त्यात बारा पायऱ्या मांडल्या गेल्या. आपल्याकडे अनेक शहरांत आणि गावांत ज्या 'एए'च्या मीटिंगा भरतात, त्या याच पायऱ्यांवर चालतात. चौथ्या पायरीत माणसाने आपल्या आजवरच्या आयुष्याची निर्भयपणे छाननी करायची. पाचवीत ती दुसऱ्या एका माणसापुढे उघड करायची. आणि दहावी पायरी सांगते की ही छाननी चालू ठेवायची आणि आपले चुकले असेल तिथे ते लगेच कबूल करायचे.

त्या पुस्तकात या छाननीची तुलना दुकानातल्या माल-मोजणीशी केली आहे. आपल्याला हे समजायला वेळ लागत नाही, कारण आपल्या वाण्याकडे किर्द आणि खतावणी असायची. चौथी पायरी म्हणजे वर्षातून एकदा दुकान बंद ठेवून सगळा माल खाली काढणे. कुठले पोते उंदरांनी फोडले, कुठला माल सडला, कोणाची उधारी बुडाली, सगळे बघणे. दहावी पायरी म्हणजे रोजची किर्द. दिवे मालवण्याआधी आजची जमा, आजचा खर्च, हातातली शिल्लक. ज्या दुकानदाराने किर्द आठ दिवस लिहिली नाही, त्याला गल्ल्यातली तूट कुठल्या दिवसाची हे सांगता येत नाही. माणसाचेही तसेच होते.

आपल्या महाराष्ट्रात 1986 साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले. त्याआधी अनिल अवचटांनी गर्दच्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांवर लिहिले होते, आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी या केंद्राला आर्थिक बळ दिले. व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता आजारी माणूस मानायचे, ही दृष्टी त्यातून मराठी घरांत पोचली. मला हा मुद्दा प्रामाणिकपणाच्या दृष्टीने फार मोलाचा वाटतो. गुन्हेगार ठरवलेला माणूस लपवणारच. आजारी माणूस निदान डॉक्टरला तरी सांगतो, कुठे दुखते ते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एक एसटी कंडक्टर आहे. दारू सोडून चार महिने झालेत. रोज ड्यूटी संपली की तो डेपोत तिकिटांचा आणि रोकडीचा मेळ घालतो, वेबिल भरतो, एक रुपया कमी पडला तरी खिशातून घालतो. एका संध्याकाळी सहकाऱ्याचा निरोपसमारंभ असतो. मंडळी जवळच्या बारमध्ये जातात. हाही जातो, अर्धा तास बसतो, थंडा पितो, दोन शेंगदाणे खातो आणि निघतो. दारूला हातही लावत नाही. घरी बायको विचारते, "उशीर का झाला?" तो म्हणतो, "गाडी लेट झाली."

काय बिघडले? वास नाही, नशा नाही, भांडण टळले. पण पाहा, त्याच्या हाती काय आले. एक असा अर्धा तास, ज्याचा हिशेब घरात कोणाला माहीत नाही. 'गाडी लेट झाली' हे वापरून पाहिलेले, चाललेले कारण. पुढच्या वेळी तो अर्धा तास तयारच असेल, फक्त ग्लासातला पदार्थ बदलायचा उरेल.

त्या रात्री त्याने वही उघडली आणि तीन ओळी लिहिल्या तर? "बारमध्ये अर्धा तास बसलो. प्यालो नाही, पण समोरच्याच्या ग्लासाकडे दोनदा बघितलं. घरी गाडी लेट सांगितलं, कारण भांडणाची भीती वाटली." बस, एवढेच. आणि सकाळी चहा घेताना बायकोला सांगितले, "काल गाडी वेळेवर होती. मी पार्टीला थांबलो होतो. प्यालो नाही, पण तुला खोटं बोललो." यावर ती लगेच कौतुक करील असे समजू नका. कदाचित दोन दिवस बोलणार नाही. कदाचित म्हणेल, "आता प्यालो नाही हे तरी खरं कशावरून?" तिचा प्रश्न रास्त आहे. पण तो हिशेबाबाहेरचा अर्धा तास आता राहिला नाही. पुढच्या वेळी 'गाडी लेट' हे कारण चालणार नाही, हे त्यालाही माहीत आणि तिलाही.

मग वहीत लिहायचे काय? वही साधी घ्या, शंभर पानी, मुलांची असते तशी. वेळ ठरलेली ठेवा. जेवण झाल्यावर, झोपण्याआधी दहा मिनिटे पुरतात. आधी मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. मग दिवस सकाळपासून चालवत आणा आणि स्वतःला विचारा : आज मी कोणाशी खोटे बोललो? अर्धे खरे सांगितले असेल तर तेही धरा. कोणाचा राग आला, आणि त्या रागाखाली काय होते? काही लपवले का, पैसे, फोन, एखादी भेट? आज तलफ आली का, किती वाजता, कुठे? कोणाची माफी मागायची राहिली? आणि आज काय चांगले केले?

यातला शेवटचा प्रश्न बरेच जण गाळतात. ते बरोबर नाही. किर्दीत नुसता खर्च लिहिणारा वाणी हिशेबात कच्चाच म्हणायचा. आज मुलाला अभ्यासाला घेऊन बसलो, रागाने तोंडाशी आलेला शब्द गिळला, तलफ आली तेव्हा मित्राला फोन केला, हे जमेच्या बाजूला पडलेच पाहिजे.

रागाबद्दल थोडे जास्त बोलतो, कारण वहीत सर्वात जास्त फसवणूक इथे होते. "साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं, डोकं फिरलं" एवढे लिहून माणूस थांबतो. यात साहेब आले, आपण आलोच नाही. एक ओळ आणखी खाली जा. "मला लाज वाटली, कारण चूक माझीच होती." किंवा "भीती वाटली की जुन्या दिवसांची फाइल पुन्हा निघेल." राग बोलका असतो, लाज आणि भीती मुकी असतात, आणि माणूस पितो ते बहुधा या दोघींना झोपवण्यासाठी. तलफ आली की भूक, राग, एकटेपणा आणि थकवा ही चार कारणे तपासून बघायला सांगतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'हॉल्ट' म्हणतात. फार साधी गोष्ट आहे, पण उपयोगाची. संध्याकाळी सातची तलफ पुष्कळदा दुपारी न जेवल्याची असते. ती आली म्हणजे तुम्ही हरलात असे मुळीच नाही. ती चढते आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरते. ती आली होती हे लपवणे मात्र महागात पडते.

दुसरी फसवणूक उलट्या टोकाची. काही जण पानभर लिहितात, "मी नालायक आहे, मी सगळ्यांचं वाटोळं केलं." वाचायला फार प्रामाणिक वाटते. माझ्या मते हा पळ काढण्याचाच एक प्रकार आहे. यात तारीख नाही, रक्कम नाही, माणसाचे नाव नाही. 'सगळ्यांचं वाटोळं' याची भरपाई कोणी कशी करणार? उलट "मंगळवारी बहिणीकडून औषधाला म्हणून 500 रुपये घेतले, औषध 180 चंच होतं" असे लिहिले, की उरलेले 320 परत करता येतात. शिव्या घालून घेणे सोपे, आकडा लिहिणे अवघड.

आणि हे सगळे वहीतच ठेवून भागत नाही. निदान एका माणसाला सांगितले पाहिजे. तो एएमधला अनुभवी मित्र असेल, समुपदेशक असेल, किंवा ज्याच्यासमोर तुम्हाला मोठेपणा मिरवावा लागत नाही असा कोणी. एकट्याच्या विचारात 'फक्त' हा शब्द पुन्हा हळूच शिरतो; समोरचा ऐकणारा तो लगेच पकडतो, विशेषतः तो स्वतः त्याच वाटेने आलेला असेल तर. माफी मागताना वाक्यात 'पण' आणू नका. "चुकलं माझं, पण तूही..." ही माफी नसून नवी फिर्याद असते. आणि ज्या कबुलीने आपले मन हलके होईल पण दुसऱ्याचा संसार मोडेल, तिथे आधी जाणत्या माणसाचा सल्ला घ्या.

आता घरच्यांसाठी दोन शब्द. त्याची वही चोरून वाचू नका. रोज तोंडाचा वास घेऊ नका. तुमचा संशय समजण्यासारखा आहे, तुम्ही वर्षानुवर्षे फसवले गेला आहात. पण एक गोष्ट तपासा : आपल्या घरात खरे बोलल्यावर काय होते? खरे सांगितले की तमाशा आणि खोटे सांगितले की गरम जेवण, अशी व्यवस्था असेल तर खरे बोलणे फार काळ टिकणार नाही. "सांगितलंस ते बरं केलंस, आत्ता मला राग आलाय, उद्या बोलू" एवढे म्हणता आले तरी पुष्कळ.

शेवटी घसरण्याविषयी. प्यायले गेलेच, तर तेही त्याच वहीत, त्याच अक्षरात लिहा आणि त्याच दिवशी फोन करा. पहिल्या दिवशी सांगितलेली घसरण बहुधा सावरता येते. पंधरा दिवस लपवलेली पुन्हा जुन्या मुक्कामाला नेते. ब्राऊन शुगरसारख्या पदार्थांच्या बाबतीत तर हा प्रश्न जिवाचा आहे. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि पूर्वीचाच डोस घेतला तर श्वास थांबून माणूस जाऊ शकतो. अशा वेळी सोबतच्याने लपवालपवी न करता तडक दवाखाना गाठावा. मदतीसाठी शासनाची व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446 आहे, तंबाखू सोडण्यासाठी 1800-11-2356 आणि मानसिक आधारासाठी टेली मानस 14416. हे क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर आत्ताच लिहून ठेवा.

आणि वही मध्येच तीन-चार दिवस राहिली, राहतेच, तर मागची कोरी पाने आठवून आठवून भरत बसू नका. त्यातून गोष्टी रचल्या जातात. ती पाने कोरीच राहू द्या, आजची तारीख घाला आणि सकाळपासून सुरुवात करा.