विद्युत मोटारीची इंटरनेट-जोडणी

विजेवर चालणाऱ्या मोटारीला धावण्यासाठी इंटरनेट लागत नाही. बॅटरीत वीज असली की पुरे. तरीही मोटार घेताना ‘कनेक्टेड’ हा शब्द हमखास कानी पडतो. त्याचा अर्थ खरेदीपूर्वीच समजून घ्यावा.

जोडणीचे मार्ग मुख्यतः तीन: मोटारीतच बसवलेले सिम, चालकाच्या मोबाइलचा हॉटस्पॉट आणि घरचे वाय-फाय. मोटारीच्या स्वतःच्या सिममुळे ती कुलूपबंद उभी असतानाही संपर्कात राहते. चार्जिंग किती झाले हे घरातून पाहणे, निघण्यापूर्वी एसी सुरू करणे ही कामे त्यामुळेच साधतात. हॉटस्पॉटवर ती होत नाहीत, कारण मालक मोबाइल घेऊन निघाला की जोडणीही त्याच्यासोबत जाते. वाय-फायचा खरा उपयोग सॉफ्टवेअरची मोठी सुधारित आवृत्ती उतरवून घेताना होतो. अँड्रॉइड ऑटो वा ॲपल कारप्ले यांत तर इंटरनेट मोबाइलचेच असते. मोटार केवळ पडदा पुरवते. (आपले स्थान उपग्रहांवरून कळते, त्यास इंटरनेट लागत नाही. नकाशाला मात्र लागते. म्हणून घाटात शिरण्यापूर्वी तो उतरवून ठेवावा.)

सिमचा मार्ग सर्वांत सोयीचा खरा, पण त्याचे आयुष्य मोटारीच्या आयुष्याशी बांधलेले नसते. निसान लीफ ही मोटार २०१० च्या अखेरीस अमेरिकेत विक्रीस आली. तिच्यातील यंत्रणा २जी जाळ्यावर चालत असे. एटी अँड टी कंपनीने ते जाळे २०१६ अखेर बंद केले. मालकांना १९९ डॉलर भरून ३जी यंत्रणा बसवून घ्यावी लागली. आणि २०२२ च्या फेब्रुवारीत ३जीही बंद पडले. मोटारी धडधाकट होत्या, दुरून दिलेल्या आज्ञा मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचेनाशा झाल्या.

याच मोटारीने दुसराही धडा दिला. सुरक्षा-संशोधक ट्रॉय हंट यांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की, केवळ मोटारीचा ओळखक्रमांक ठाऊक असला तरी परक्या माणसाला तिचा एसी चालवता येतो. तो क्रमांक तर पुढच्या काचेतून वाचता येतो! निसानने ते ॲप स्थगित केले.

तेव्हा जोडणी किती वर्षे विनामूल्य, त्यानंतर वर्गणी किती आणि जाळे बदलल्यास यंत्रणा कोणाच्या खर्चाने बदलणार, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. जुनी मोटार घेताना आधीच्या मालकाचे खाते आपल्यासमोर काढून टाकवावे. अन्यथा आपली मोटार कोठे उभी आहे, हे त्याच्या मोबाइलवर दिसत राहील.